मोज्यात सापडलेले सात कागद: सणाचं गोड आणि मुलं

मोरपीस

धुवायचे कपडे वेगळे करताना लेकीच्या एका मोज्यात काहीतरी चुरचुरलं. मोजा उलटा केला तर आतून चॉकलेटचे सात रिकामे कागद पडले. प्रत्येकाची नीट घडी, एकात एक खोचलेले. लेक सहा वर्षांची आहे. इतकी नीट घडी ती स्वतःच्या फ्रॉकचीही घालत नाही.

आधी हसूच आलं. संध्याकाळी सहज विचारलं, तर मान खाली घालून म्हणाली, "तू मोजतेस ना, म्हणून."

तेव्हापासून घशात काहीतरी अडकल्यासारखं झालंय.

एरवी आमच्याकडे खाण्यापिण्याची बऱ्यापैकी शिस्त आहे. भाज्या खातात दोघं, कुरकुरत का होईना. पण सण आला की घराचं मिठाईचं दुकान होतं. येणारा प्रत्येक जण मुलांच्या हातात गोड ठेवतो. आजी-आजोबा, आत्या, शेजारच्या काकू, कोणाला म्हणून नाही म्हणायचं? मागच्या सणाला मी सगळं वरच्या कपाटात टाकलं आणि रोज एकच असा नियम केला. त्याचं फळ म्हणजे हा मोजा. धाकटा तीन वर्षांचा आहे, त्याला लपवता येत नाही, तो सरळ भोकाड पसरतो.

पुढच्या आठवड्यात सुट्ट्या लागताहेत. तुम्ही काय करता? "थोडंसं चालतं गं" असं प्लीज सांगू नका. थोडंसं म्हणजे किती तेच तर कळत नाहीये.

उनाडपाऊस

सात कागद, घडी घालून, मोज्यात! पोरगी हेरखात्यात जाणार, लिहून ठेवा. आमच्या चिरंजीवांनी सोफ्याखाली टाकले होते. मुंग्यांनी चुगली केली.

दंतकथा

(व्यवसायाने दातांचा डॉक्टर. नावावरून ओळखलं असेलच.)

"थोडंसं म्हणजे किती" याला आकड्यातलं उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलंय की वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचे रस या सगळ्यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी. जमलं तर ५ टक्क्यांच्या. सहा वर्षांचं मूल दिवसाला १४०० कॅलरी खातं असं धरा. १० टक्के म्हणजे १४०, म्हणजे ३५ ग्रॅम साखर, सपाट आठ-नऊ चमचे. मिल्क चॉकलेटमध्ये वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखर असते, त्यामुळे हे चमचे बघता बघता संपतात.

पण दातांचा हिशेब निराळा. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त लागतं. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात. पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या थरातली खनिजं सुटायला लागतात, आणि लाळेला ते सगळं पूर्वपदावर आणायला अर्धा तास तरी लागतो. सात चॉकलेटं जेवणानंतर एका बैठकीत खाल्ली तर दातांवर एक हल्ला. दर तासाला एक खाल्लं तर सात. आईला "दिवसभरात थोडं थोडं" सोसतं, मला तेच सोसत नाही. म्हणून सात खाऊ द्या असं नाही, दिवे घ्या (म्हणजे गमतीत घ्या).

जुनाजाणता

आमच्या लहानपणी कोणी चमचे मोजत नव्हतं. सणाला पोटभर खायचो, दिवसभर उंडारायचो, रात्री मेल्यासारखे झोपायचो. काही झालं नाही. हल्लीच्या आयांना इंटरनेटने घाबरवून सोडलंय. मुलांना खाऊ द्या हो.

कावेरी_म

जुनाजाणता, काका, तुमच्या लहानपणी सण संपला की गोडही संपायचं. पुढचं पुढच्या सणाला. आता शाळेतला वाढदिवस, इमारतीतला वाढदिवस, डॉक्टरांकडे रडला नाही म्हणून, रडला म्हणून, बँकेत गेलं की टेबलावरची गोळी. मुलाचा सण वर्षभर चालूच असतो. सणाच्या चार दिवसांना मीही काही म्हणत नाही, बाकीच्या दिवसांचं काय ते बोला.

आणि "काही झालं नाही" हे तुम्ही म्हणताय, तुमच्या दाढा काय म्हणतात?

जुनाजाणता

दाढांचा विषय नको. तीन गेल्यात.

दंतकथा

:)

शून्यसाखर

आयडीवरून कळलं असेल. आमच्या घरात पांढरी साखर येतच नाही. मुलगा पाच वर्षांचा आहे. सणाला मी खजूर, गूळ आणि मध घालून घरी गोड करते, त्याला फरक कळतसुद्धा नाही. पाहुण्यांना आधीच मेसेज करते, कृपया मुलाला काही आणू नका. सुरुवातीला नाकं मुरडली, आता सवय झाली सगळ्यांना. मोरपीस, तुझा नियम चुकला नाही, तू पुरेशी ठाम राहिली नाहीस इतकंच. घरात आणायचं आणि मग वरच्या कपाटात ठेवायचं, हा त्या पोरीवर अन्याय आहे. आणूच नये.

कणेकरीण

शून्यसाखर, ठामपणाबद्दल कौतुक, पण गूळ आणि मध म्हणजे साखरच गं. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण ती अंगी लागावीत इतका गूळ खाल्ला तर भलतंच काही लागेल. वर दंतकथांनी सांगितलेल्या १० टक्क्यांत मधसुद्धा मोजतात. अख्खा खजूर त्यात धरत नाहीत, पण तो दाताला किती चिकटतो ते स्वतःच जिभेने चाचपून बघ.

आणि हे वाचणाऱ्या नव्या आयांसाठी: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका. बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, मध कितीही शुद्ध असला तरी.

शून्यसाखर

मला माहीत आहे ते. माझं बाळ पाच वर्षांचं आहे.

बाबा_आदम

मला एक कळत नाही. आमचा मुलगा गोड खाल्लं की वीस मिनिटांत भिंतीवर चढतो. अक्षरशः. पडदा धरून. साखर चढते म्हणतात ती हीच ना? मग दातांचं राहू दे, निदान आमच्या पडद्यांसाठी तरी काहीतरी मर्यादा हवी.

प्रयोगवही

बाबा_आदम, पडद्यांबद्दल सहानुभूती. पण साखर "चढते" हे प्रयोगांत काही टिकलेलं नाही. १९९५ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात मुलांच्या वागण्यावर साखरेचा परिणाम दिसला नाही.

त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग मला फार आवडतो. पाच ते सात वर्षांचे मुलगे घेतले, ज्यांच्या आयांची खात्री होती की आमच्या मुलाला साखर बाधते. सगळ्या मुलांना बिनसाखरेचं पेय दिलं. निम्म्या आयांना मात्र सांगितलं की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. त्या आयांनी "बघा कसा नाचतोय" असं लिहिलं. गंमत पुढे आहे. चित्रीकरणात असं दिसलं की त्या आया मुलाला चिकटून राहिल्या, जास्त वेळा टोकत राहिल्या, त्याच्यावरची नजर हलवत नव्हत्या. साखर मुलाच्या पोटात नव्हती, आईच्या डोक्यात होती.

सणाला घरात वीस माणसं, पाच भावंडं, झोपेची वाट लागलेली, जेवण दोन तास उशिरा. मूल पडद्यावर चढणार नाही तर काय करणार?

बाबा_आदम

म्हणजे पडद्याला जबाबदार मी?

उनाडपाऊस

पडद्याला जबाबदार पडद्याचा दांडा बसवणारा. आमचा एका सणात निखळला.

रातकिडा

मी सहसा फक्त वाचतो. हा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

मी तो मोजा आहे. म्हणजे ती मुलगी. आमच्या घरी गोड म्हटलं की आईच्या कपाळावर आठी यायची. तिचं चुकलं असं म्हणत नाही, तिच्या वडिलांना मधुमेहाने पाय गमवावा लागला होता, ती भीती तिच्या अंगात होती. डब्यातल्या वड्यांवर ती बोटाने खूण करायची. मी आठ वर्षांचा असताना वडीचा खालचा भाग कोरून खायला शिकलो, वरून वडी शाबूत दिसायची. कागद मी गादीच्या उसवलेल्या शिवणीत घालायचो. घर बदललं तेव्हा गादी उचलली आणि हमालासमोर सगळे कागद जमिनीवर सांडले. आई काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आज मी एकेचाळीस वर्षांचा आहे. स्वतःच्या पैशाचं, स्वतःच्या घरात, बायको झोपल्यावर स्वयंपाकघरात दिवा न लावता उभ्याने खातो. ताटात घेऊन, सगळ्यांसमोर, बसून मला गोड खाताच येत नाही. चवही कळत नाही खरं तर, फक्त संपवायची घाई.

मोरपीसताई, तुमच्या मुलीने विचारल्यावर खरं सांगितलं. हे मला कधी जमलं नाही. "तू मोजतेस ना" हे तिने तुमच्या तोंडावर सांगितलंय, त्यातच बरंच काही शिल्लक आहे असं समजा.

मोरपीस

रातकिडा, धन्यवाद हा शब्द फार तोकडा आहे. दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं. तो इतका वेळ "कागदांचं काय एवढं" म्हणत होता, आता गप्प बसलाय.

प्रयोगवही

रातकिड्यांनी लिहिलंय त्यावर एक प्रयोगही आहे, १९९९ सालचा. बालवाडीतल्या मुलांसमोर टेबलावर एक खाऊ मोकळा ठेवला. जवळजवळ तसलाच दुसरा खाऊ पारदर्शक बरणीत बंद करून मधोमध ठेवला, तो ठरलेल्या वेळी दोन-चार मिनिटंच मिळायचा. चवीत विशेष फरक नव्हता, फळांचेच बार होते. तरी मुलांचं सगळं बोलणं, हात पुढे करणं, मागणं, त्या बरणीभोवतीच. वरचं कपाट म्हणजे तीच बरणी, फक्त उंचावरची.

शून्यसाखर

म्हणजे शेवटी आयांचंच चुकतं. मोजलं तरी चुकतं, नाही मोजलं तरी चुकतं. प्रयोगवही, एक संशोधन मीही देते. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धापासून साखरेचं रेशनिंग होतं, ते १९५३ साली उठलं. गर्भात असताना आणि पहिल्या एक-दोन वर्षांत ज्यांना रेशनचीच साखर मिळाली, त्यांना मोठेपणी टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आणि रक्तदाबाचा २० टक्क्यांनी कमी निघाला. २०२४ साली 'सायन्स' या विज्ञानविषयक नियतकालिकात आलंय. आता बोला.

कणेकरीण

बोलते. संशोधन चांगलंच आहे, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला वरची साखर देऊ नये याबद्दल इथे कोणाचं दुमत नसावं. पण दोन गोष्टी बघ. रेशन होतं तेव्हा माणशी दिवसाला साधारण ४० ग्रॅम साखर होती, शून्य नव्हती. उठल्यावर ती दुप्पट झाली. आणि दुसरं म्हणजे रेशन सगळ्यांना होतं. आईला, बाबाला, शेजाऱ्याला, दुकानदाराला. कोणीही पोरासमोर बसून केक खात नव्हतं आणि "तुला नाही हं" म्हणत नव्हतं. आपण नेमकं तेच करतो.

सहा वर्षांच्या मुलीचा प्रश्न बाळाच्या प्रश्नापेक्षा वेगळा आहे, एवढंच म्हणायचंय. तुझ्या कष्टांना नावं ठेवत नाहीये गं.

शून्यसाखर

ठीक. रेशन सगळ्यांना होतं हा मुद्दा मान्य. रात्री मुलगा झोपल्यावर आम्ही दोघं आइस्क्रीम खातो. सांगून टाकलं.

उनाडपाऊस

शून्यसाखर, आयडी बदला आता! 'रात्रीपुरती साखर'.

आज्जी_ऑनलाइन

मुलींनो, एक बाजू आमचीही ऐका.

माझी दोन नातवंडं सणाला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत येतात. वर्षातले वीस दिवस. दारातून आत आली की धावत येऊन माझ्या साडीला झोंबतात आणि विचारतात, आज्जी काय केलंस? त्या वेळी मी "भोपळ्याची भाजी" असं सांगू का? सुनेने आल्या आल्या पदार्थांच्या डब्यांवर नजर टाकली की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. तिचं शिक्षण जास्त, तिला कळतं जास्त, सगळं मान्य. पण मग माझ्या हातात उरतं काय? मला त्यांचे खेळ येत नाहीत, त्यांचं इंग्रजी कळत नाही. मला करून खाऊ घालता येतं.

मागच्या खेपेला सूनबाईंनी एक शहाणपणा केला. म्हणाली, आई, तुम्ही एकट्या करू नका, पोरांना हाताशी घ्या. सकाळचे दोन तास गेले. अर्धं पीठ जमिनीवर. नातवाने एकच लाडू वळला, तो क्रिकेटच्या चेंडूएवढा, आणि दिवसभर तोच सगळ्यांना दाखवत फिरला. खाल्ला किती? दोन घास. मी साखरही पाव हिश्श्याने कमी घातली होती, कोणाला कळलं नाही. मी सांगितलंही नाही, इथेच पहिल्यांदा सांगतेय.

तेव्हा मोरपीस, आजीला "देऊ नका" म्हणू नकोस. तिला दुसरं काहीतरी द्यायला दे.

कावेरी_म

आज्जी _/\_

शेवटचं वाक्य माझ्या सासूबाईंना नाही, मलाच ऐकायची गरज होती.

चौकोनी_चंद्र

आमच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे, सात वर्षांची असताना कळला, आता दहाची आहे. वर रातकिड्यांनी मधुमेहाचा उल्लेख केला म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे तो गोड खाऊन होत नाही. शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. हे मी दर सणाला किमान चार जणांना सांगते, कारण चार जण मला विचारतात, लहानपणी फार चॉकलेटं दिलीत का?

दुसरं म्हणजे ती गोड खाते. सगळ्यांबरोबर, ताटात घेऊन. आम्ही त्यातलं कर्बोदक मोजतो, त्याप्रमाणे इन्सुलिन देतो. म्हणजे मोजणं आमच्याही घरात आहे, मोरपीस, तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त. पण ते तिच्यासमोर, तिच्याबरोबर. आता ती स्वतःच सांगते, "आई, हा तुकडा वीस ग्रॅमचा असेल." साखर अचानक खाली आली तर तीच साखर आमचं औषध असते, माझ्या पर्समध्ये कायम. त्यामुळे तिच्यासाठी गोड म्हणजे चांगलं किंवा वाईट असं काही राहिलेलंच नाही. एक आकडा आहे फक्त.

त्रास गोडाचा नाही होत. एखादी काकू ताट पुढे करते, मग एकदम मागे घेते आणि म्हणते, "अगं बाई, तुला चालत नाही ना, अरेरे." ते "अरेरे" ती दोन दिवस विसरत नाही.

मोरपीस

चौकोनी_चंद्र, "तिच्यासमोर, तिच्याबरोबर" हे वहीत लिहून ठेवलंय.

टॉमीचाबाबा

अवांतर आहे, पण सणाचे दिवस आहेत म्हणून सांगतो. मुलांना साखर नको म्हणून बिनसाखरेचं च्युइंगम आणत असाल आणि घरात कुत्रा असेल तर सांभाळा. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत झायलिटॉल नावाचं साखरेऐवजी वापरायचं गोड द्रव्य असतं. माणसाला चालतं, दातांना तर बरंच, पण कुत्र्याची रक्तातली साखर त्याने धाडकन खाली येते, जीवावर बेतू शकतं. चॉकलेटही कुत्र्याला विषारीच, जितकं गडद तितकं जास्त. आमच्या टॉमीने एकदा पूर्ण पाकीट गिळलं, रात्रभर दवाखान्यात बसलो होतो. वाचला. तेव्हापासून वरचं कपाट फक्त त्याच्यासाठी आहे.

उनाडपाऊस

टॉमी कागद मोज्यात लपवतो का?

टॉमीचाबाबा

तो मोजाही खातो.

संपादक

मंडळी, टॉमीसाठी वेगळा धागा काढा. इथे मुलांवर राहू या.

कणेकरीण

मोरपीसचा मूळ प्रश्न "काय करता" हा होता आणि आपण सगळे ब्रिटनला जाऊन आलो. आमच्या घरी काय चालतं ते सांगते.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञांची एक मांडणी आहे. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. गोड असेल तर ते जेवणाबरोबरच वाढायचं, सगळ्यांना सारखा एक वाटा. भाजी संपवलीस तर मिळेल, ही लाच बंद, कारण त्यात भाजी ही शिक्षा ठरते आणि गोड हे बक्षीस. आणि अधूनमधून एखाद्या दुपारी दुधाबरोबर गोड ठेवायचं आणि हवं तितकं खाऊ द्यायचं, न मोजता.

पहिल्या आठवड्यात माझा मुलगा पानातलं गोड आधी खायचा आणि माझ्याकडे बघायचा, आता ओरडेल म्हणून. मी जीभ चावून बसायचे. पंधराएक दिवसांनी कधी आधी, कधी नंतर, कधी अर्धं टाकून. जादू नाही. अजूनही वाढदिवसाला गेला की केकवरची फुलं आधी उपटतो. पण मागत फिरत नाही.

पाहुण्यांनी आणलेलं मी घेते, हसून घेते, सगळं एका डब्यात जातं आणि तो डबा जेवणाच्या वेळी उघडतो. "आणू नका" असं सांगण्यात माझी फार शक्ती जायची.

दंतकथा

कणेकरीण यांना दाताकडून पूर्ण अनुमोदन. जेवणाबरोबर लाळ भरपूर सुटलेली असते, त्यामुळे गोडाची ती सगळ्यांत चांगली वेळ. शेवटी चीजचा तुकडा मिळाला तर उत्तमच, आम्ल लवकर उतरतं. सगळ्यांत वाईट वेळ म्हणजे रात्री दात घासून झाल्यावर, कारण झोपेत लाळ जवळजवळ बंद असते. त्यामुळे रात्रीचं आइस्क्रीम (शून्यसाखर, बघताय ना?) दात घासायच्या आधी.

स्वीडनमध्ये मुलांना शनिवारीच खाऊ देण्याची जुनी पद्धत आहे. तिच्यामागचा इतिहास मात्र काळा आहे. १९४० च्या दशकात तिथल्या व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत मतिमंद रुग्णांना त्यांची संमती न घेता चिकट टॉफ्या खायला घालून दात किडवले गेले. जेवणांच्या मध्ये वारंवार खाल्लेलं चिकट गोड सगळ्यांत घातक, हे ज्ञान आम्हाला तिथून मिळालं. शिकताना ते वाचलं तेव्हा मला कसंतरीच झालं होतं, अजूनही होतं.

आणि तीन वर्षांच्या धाकट्यासाठी: कडक गोळ्या आणि अख्खे दाणे देऊ नका. दात दुय्यम, ते श्वासनलिकेत अडकतात.

जुनाजाणता

व्हिपेहोल्म ऐकलं नव्हतं. वाईट वाटलं.

बाकी धाग्यातून शिकलो ते असं की नातवाला गोळी देताना "आईला सांगू नकोस हं" म्हणायचो, ते बंद करायला हवं. गंमत वाटायची मला. मोज्याची सुरुवात तिथूनच होत असणार.

मोरपीस

धागा वर काढतेय. सुट्ट्या काल संपल्या. वचन दिलं नव्हतं, तरी खबरबात देते.

पहिल्याच दिवशी वरचं कपाट रिकामं केलं, सगळं एका डब्यात, डबा खाली. लेकीला सांगितलं, मी मोजणार नाही, पण डबा जेवणाच्या वेळीच उघडायचा. तिने तीनदा विचारलं, "नक्की नाही मोजणार?" त्या दुपारी तिने इतकं खाल्लं की रात्री पोट दुखलं. मी ओवा दिला आणि एक शब्द बोलले नाही. हा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा पराक्रम आहे. नवऱ्याने स्वयंपाकघरात येऊन माझी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशीही बरंच खाल्लं. चौथ्या-पाचव्या दिवशी पानातला तुकडा अर्धा ठेवून खेळायला पळाली. तो अर्धा मी खाल्ला. सासूबाईंकडे आज्जी_ऑनलाइन यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, त्यांनी डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही पोरांना पिठात बसवलं. धाकट्याच्या कानातून संध्याकाळपर्यंत पीठ निघत होतं. आत्याबाई मात्र काही ऐकत नाहीत. त्या जाताना दारात दोघांच्या मुठीत गोळ्या कोंबतातच. त्यांच्यासमोर मी हात टेकले.

भांडणं संपली असं नाही. धाकटा अजून डबा दिसला की रडतो. एकदा मीच चिडून "पुरे आता" म्हणाले आणि लेकीने माझ्याकडे असं पाहिलं की जीभ चावली.

आणि काल परत मोज्यात सापडलं. या वेळी कागद नाही, अख्खं चॉकलेट. मशीनमधून बाहेर आल्यावर. दोन पांढरे शर्ट, एक उशीचा अभ्रा आणि नवऱ्याचा ऑफिसचा सदरा गेला. मी मोजा हातात धरून तिच्यासमोर उभी राहिले. ती म्हणाली, "अगं, लपवलं नव्हतं. विसरले."

रातकिडा

विसरली.

आज दिवसभर हसू येतंय मला.

उनाडपाऊस

गुप्तहेर निवृत्त.

कावेरी_म

मोरपीस, शर्ट टाकू नकोस. गरम पाण्यात अजिबात घालू नकोस, डाग पक्का बसेल. सुकलेलं चॉकलेट आधी बोथट सुरीने खरवड, मग उलट बाजूने गार पाण्याची धार, मग भांड्यांचं लिक्विड लावून अर्धा तास ठेव. आणि डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नको.

मोरपीस

इस्त्री करून झाली गं.